विस्तवाविना

"लाह्या दळू नगंस. हातानं कुस्कर. दळल्या की त्यांचा जीव जातो."

आत्याबाईंचा आवाज कानाशी आला, तसा सुंदरानं परातीतल्या ज्वारीच्या लाह्यांवर पुन्हा तळवा टेकला आणि हलक्या हातानं गोल फिरवला. लाह्या बारीक आवाज करत फुटल्या. वर आलेली टरफलं तिनं फुंकरीनं कडेला सारली. शेजारी पातेल्यात ताक घुसळून ठेवलं होतं. त्याची चव तिनं घेतली नाही. दान द्यायचं अन्न आधी चाखायचं नाही, हा तिचा नेम होता. पातेलं उचलून तिनं नुसता वास घेतला. आंबट नव्हतं.

"ताक गोड असू दे. आन् कालवल्यावर जरा दम धर. लगोलग दिलंस तर टोचतंय त्याला. पोटात आधीच इस्तू हाय त्याच्या."

आत्याबाई म्हणजे तिची गेलेली सासू. माण तालुक्यातल्या त्या घरात म्हातारीनं हे इतक्यांदा सांगितलं होतं, की आता हात आपोआप चालत. फक्त ज्याच्यासाठी सांगितलं, त्याच्यापुढं हे वाढायची वेळ पुष्कळ वर्षांत आली नव्हती. आज येणार होती.

खोलीच्या कोपऱ्यात स्टो गार पडला होता. त्या वर्षी रॉकेलची टंचाई होती, दुकानापुढं डब्यांच्या रांगा लागत. घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या वस्तीत बायका रॉकेलसाठी एकमेकींशी भांडत. पण सुंदराचं त्यावाचून फारसं अडत नसे. ती एकटी राहायची. आग्रा रोडवरच्या औषधांच्या कारखान्यात गोळ्या पाकिटात भरायचं काम होतं आणि दर आठवड्याला पाळी बदलायची. कधी उजाडायच्या आत निघायचं, कधी दुपारी. स्वयंपाक करायचा कधी आणि कुणासाठी? म्हणून निजण्यापूर्वी मूग भिजत घालायचे, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायचे. मोड आले की खोबऱ्याचा कीस, मीठ, लिंबू. आरेच्या केंद्रावरून दूध, त्याचं दही. एखादी काकडी, केळं, मूठभर शेंगदाणे. आठवड्यातून दोनदा भाकऱ्या भाजून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, त्या ताकात कुस्करून खायच्या. ह्या खाण्यावर ती कधी आजारी पडली नव्हती. कारखान्यात तिच्या डब्याला बायका घोड्याचा खुराक म्हणत. वस्तीतली शकु म्हणायची की अशा आणखी चार बाया निघाल्या तर रॉकेलवाला दुकान मोडून गावी जाईल.

तेच अन्न आज तिनं भंत्यांच्या भोजनदानासाठी मांडलं होतं.

वर्षावासाचे महिने होते. पावसाळ्यात भिक्खू हिंडत नाहीत, एका ठिकाणी राहतात, आणि तिथल्या उपासकांनी पाळीपाळीनं त्यांना दुपारचे बारा वाजायच्या आत जेवण द्यायचं असतं. बारानंतर भिक्खू अन्नाला शिवत नाही. वस्तीतला पत्र्याचा विहार नवा होता आणि इथं वर्षावासाला भिक्खू येण्याची ही पहिलीच वेळ. आषाढी पौर्णिमेला सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमली होती. सुंदरा मागच्या रांगेत शकुजवळ बसली होती. भंते आले. अंगानं वाळलेले, डोईवर केस नाहीत, चीवराचा रंग ताजा. विहार समितीच्या धोंडिरामनं नाव सांगितलं, उपशांत भंते. त्यांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला आवाज किंचित घोगरा होऊन पुन्हा सरळ झाला.

सुंदरानं मान वर केली. मग सगळ्यांबरोबर तिनं तीन वेळा मस्तक टेकलं. तिसऱ्या वेळी ती लवकर उठली नाही. शकुला वाटलं, ताईंना चक्कर आली.

तिचा नवरा राजाराम घर सोडून गेला तेव्हा असाच पावसाळा होता. पुण्याच्या विहारात त्याला दीक्षा देण्याआधी वृद्ध भंत्यांनी आत्याबाईंना विचारलं, मग सुंदराकडं वळून विचारलं, तुमची परवानगी आहे का, स्वखुशीनं? ती म्हणाली, स्वखुशीनं. मूलबाळ नव्हतं. राजाराम चांगल्या कामाला चालला होता, आणि त्याला अडवायचं कशासाठी हे तिला सांगता आलं नसतं. त्यानंतर ती आणि आत्याबाई दोघींनी घर चालवलं. म्हातारी गेल्यावर सुंदरा मुंबईला आली. वस्तीत सगळे तिला विधवा समजत. तिनं तसं कधी सांगितलं नव्हतं आणि कुणी समजलं तर खोडूनही काढलं नव्हतं.

राजारामनं तिला ओळखलं की नाही, हे त्या पौर्णिमेला तिला कळलं नाही. फुलं वाहायला बायका एकेक करून पुढं गेल्या, तीही गेली. भंत्यांची नजर जमिनीवर होती. असायला हवी तशीच.

तिनं भोजनदानाला नाव दिलं नाही. धीरच झाला नाही. रोज ती कामाला जाता येता विहाराच्या दारावरून जायची आणि आत काय चाललंय ते बघायची, आणि बघून तिचा जीव खालीवर व्हायचा. ज्याच्या घरची पाळी, त्याच्या घरी त्या दिवशी सण. साठवलेलं रॉकेल त्या दिवसासाठी बाहेर निघायचं. पुऱ्या, तर्रीची बटाट्याची भाजी, भजी, मसालेभात, बाजारातलं श्रीखंड. त्या घराला तो वर्षातला एक दिवस, पण भंत्यांना रोजच पुऱ्या आणि रोजच तर्री. भिक्खूनं हे हवं, ते नको म्हणायचं नसतं. पात्रात पडेल ते खायचं. ते खात, अर्ध्यावर थांबत आणि चीवराच्या आत हात घालून पोटाशी धरून ठेवत.

हे पाहून लोकांना वाईट वाटलं, पण समजलं भलतंच. धोंडिरामनं समितीची बैठक घेतली आणि भंत्यांना आपल्या वस्तीचं अन्न रुचत नाही, आपण कमी पडतोय, असं कळवळून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तुपाची धार वाढली. एका घरानं जिलब्या आणल्या.

सुंदरानं शकुजवळ एकदा विषय काढून पाहिला, की साधंसं काही द्यावं का म्हणून.

"साधं?" शकु म्हणाली. "ताई, भंते काय रोज येतात का आपल्या दारी? लोक म्हणतील, शकुनं ताक पाजून बोळवण केली."

आणखी बोलायचं तर, तुला कसं ठाऊक, असा प्रश्न आलाच असता. सुंदरानं विषय सोडला.

मग एका घरचं कुणी गावाकडं गेलं, म्हणून त्यांची पाळी रिकामी पडली. धोंडिराम नळावर येऊन विचारू लागला की उद्या कोण देतं. रॉकेल कुणाकडंच नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सुंदराची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी होती.

"मी देते," ती म्हणाली.

धोंडिरामनं तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही? सुंदराबाई, तुमच्या स्टोला अजून काजळी धरली नाही म्हणतात."

बायका हसल्या. तोही हसला, आणि मग राग मानू नका म्हणाला. पण दुसरं कुणी पुढं आलं नाही.

कालवलेलं पातेलं तिनं पांढऱ्या फडक्यात बांधलं. मोड आलेले मूग, काकडीच्या फोडी, भिजवलेले काळे मनुके, वेलची केळी. एवढंच. सामान न्यायला शकु आली, तिनं आत डोकावून पाहिलं आणि केळ्यांचा घड उचलला. वाटेत म्हणाली, मी सांगेन सगळ्यांना, की रॉकेल नव्हतं म्हणून.

विहारात वंदना झाली. भिक्खूपुढं अन्न नुसतं ठेवून चालत नाही, देणाऱ्यानं ते हातानं द्यावं लागतं. सुंदरा पातेलं घेऊन पुढं गेली, गुडघ्यांवर बसली. झाकण काढताच मागं उभ्या असलेल्या धोंडिरामचा श्वास तिला ऐकू आला. तिनं दोन्ही हातांनी पातेलं उचलून पात्रावर धरलं.

भंत्यांनी पात्रात पाहिलं. ते तसेच पाहत राहिले. मग पहिला घास घेतला.

सगळं संपेपर्यंत ते थांबले नाहीत. पोटाशी हात गेला नाही. पात्राच्या कडेला लागलेलं कालवण त्यांनी बोटानं निपटून घेतलं, आणि धोंडिराम ते पाहून पुढं सरकला. एवढ्या दिवसांत पात्र कधी असं स्वच्छ झालं नव्हतं.

आशीर्वादाच्या गाथा झाल्या. त्यानंतर भंते उपासकांची विचारपूस करत, कुठं काम करता, मुलं किती, असं. आज त्यांनी सुंदराला विचारलं. नजर जमिनीवरच होती.

"उपासिके, हे कुणी शिकवलं?"

"घरच्या म्हातारीनं, भंते."

"त्या इथंच असतात?"

"नाही. गावी होत्या. गेल्या."

शकु भांडी गोळा करत होती. तिच्या हातातली वाटी वाटीवर वाजली.

"त्रास झाला?"

"फार नाही. मी होते जवळ."

"शेवटी काही म्हणाल्या?"

सुंदरानं पदर सारखा केला. ह्या एका प्रश्नाचं उत्तर ती किती वर्षं सांभाळून होती. पण तोंडून आलं ते अगदी साधं.

"ह्या लाह्या कशा करायच्या, तेच सांगत होत्या. दळू नको म्हणाल्या. ताक गोड घे. कुणी घरी जेवायला येणार असल्यासारखं."

भंत्यांनी मान हलवली. "साधू," एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले. धोंडिराम खूश होता. भंते एवढं कुणाशी बोलले नव्हते. बाईंच्या सासूचीसुद्धा चौकशी केली, हे त्यानं वस्तीभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरची पाळी, पुऱ्या आणि तर्री. पात्र अर्धं राहिलं. तिसऱ्या घरची पुरणपोळी. संध्याकाळी भंते रोजच्यासारखे मुलांना शिकवायला बाहेर आले नाहीत. मग धोंडिरामला जे दिसायचं ते दिसलं आणि तो शकुला घेऊन सुंदराच्या दारी आला. तो बसला नाही, उभ्या उभ्याच बोलला, की भंत्यांना तुमचंच अन्न मानवतं. बाकीच्या घरांची समजूत मी घालतो. वर्षावास संपेस्तोवर तुम्हीच द्या.

"आणि कारखान्यात पहिली पाळी लागली की?" शकुनं विचारलं.

"ते मी बघते," सुंदरा म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली, की तिचं तिलाच ऐकू आलं.

कारखान्यात तिनं सुपरवायझरकडं जाऊन कायमची दुसरी पाळी मागून घेतली. तो म्हणाला, बाईमाणूस दुसरी पाळी टाळायला माझ्याकडं येतं, मागायला आलेली तुम्हीच. तो हसला, आणि दिली.

मग सुंदराचे दिवस बदलले. मशीनवर पाकिटं पुढं सरकत असताना तिच्या मनात उद्याचं पातेलं असायचं. उद्या मुगाऐवजी मटकी घ्यावी का? काकडी कोवळी मिळेल का? स्टेशनाजवळच्या भडभुंज्याला तिनं सांगून ठेवलं की लाह्या ताज्या दे, मागच्या खेपेच्या नकोत. तो म्हणाला, बाई, नागपंचमी कधीच झाली, आता कोण खातं लाह्या? ती हसली. आपण वाटेवर हसतोय हे लक्षात आल्यावर तिनं तोंडावर पदर घेतला.

पेटवायला विस्तव नव्हता, परतायला, तळायला काही नव्हतं. तरी सबंध सकाळ त्यातच जायची. मूग निवडताना एखादा दाणा टणक लागला तर ती सगळे पुन्हा हाताखालून घालायची. धुतलेलं पांढरं लुगडं घडी मोडून नेसायची. एकदा नेसता नेसता भिंतीवरच्या छोट्या आरशासमोर उभी राहिली. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तिनं ते मागं सारले आणि मग आरशाकडं पाठ केली.

विहारात बोलणं होत नसे. त्या पहिल्या दिवसानंतर भंत्यांनी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. तिनं द्यायचं, त्यांनी घ्यायचं. त्यांचे गाल भरले. संध्याकाळी मुलं पुन्हा विहाराच्या ओट्यावर जमू लागली आणि त्यांचा पाठ टेकडीवर ऐकू येऊ लागला. एवढंच हवं होतं, असं सुंदरा रोज सकाळी पंचशील म्हणून झाल्यावर स्वतःला सांगायची. पुष्कळ आहे हे. मग पातेलं उचलताना वाटायचं, आज एखादा शब्द बोलतील.

भादव्यात एक दिवस वस्तीच्या नळाला पाणीच आलं नाही. खालच्या रस्त्यावर टँकर आला म्हणून सगळी वस्ती हंडे घेऊन उतरली. रांग हलेना. सुंदराला मूग धुवायचे होते, ताकाला पाणी हवं होतं, अंघोळ व्हायची होती, आणि अंघोळीवाचून दानाला हात लावायचा नाही हा नेम होता. हंडा घेऊन ती वर आली तेव्हा ऊन डोक्यावर येऊ लागलं होतं. तिनं भराभर आवरलं. कालवणाला दम द्यायला वेळच नव्हता. पातेलं कडेवर घेऊन ती जवळजवळ पळतच विहारापाशी पोचली.

दारात शकु उभी होती. तिच्या हातात ताट होतं. दूध, केळी आणि भाकरी. ती दबक्या आवाजात म्हणाली, "किती उशीर, ताई. बारा वाजत आले. मी घरातलं होतं ते घेऊन आले, तर भंते घेईनात. म्हणाले, थोडं थांबू या."

"थांबू या म्हणाले?"

"दोनदा म्हणाले. धोंडिरामदादा घड्याळाकडं बघून घामाघूम झालेत."

सुंदरा आत शिरली.

भंते आसनावर बसले होते, पात्र पुढ्यात. नजर जमिनीवर नव्हती. ते दाराकडं बघत होते. ती उंबऱ्याच्या आत आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक सैलपणा उतरला. हा चेहरा तिला ठाऊक होता. शेतावरून उन्हातनं येऊन राजाराम दारातून आधी स्वयंपाकघरात डोकवायचा, ती दिसली की असाच सैलावायचा, आणि मगच पायावर पाणी घ्यायचा. ह्या एका नजरेसाठी तिनं किती पावसाळे काढले होते.

दुसऱ्याच क्षणी त्यांनी डोळे खाली केले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तिनं पुढं होऊन पात्रात अन्न दिलं. ते जेवले. बारा वाजायच्या आत झालं सगळं. आशीर्वादाच्या गाथा म्हणताना त्यांचा आवाज एका ठिकाणी घोगरा झाला, आणि ह्या वेळी लगेच सरळ झाला नाही. धोंडिरामनं पाण्याचं भांडं पुढं केलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

सुंदरा भांडी आवरू लागली.

"मला उशीर झाला, भंते," ती म्हणाली. "चुकलं."

"तुमचं नाही चुकलं, उपासिके."

ते जमिनीकडं बघत बोलले, अगदी हळू. शकु बाहेर गेली होती. धोंडिराम घड्याळाला चावी देत होता. सुंदरानं तीन वेळा मस्तक टेकलं आणि पातेलं घेऊन बाहेर पडली.

घरी आल्यावर ती बराच वेळ भांडी न घासता बसून राहिली. हवं होतं ते आज मिळालं होतं. पुऱ्या असोत की भाकरी, जे समोर येईल ते घेणारा माणूस आज शकुचं ताट बाजूला ठेवून तिची वाट बघत बसला होता. चीवर घालून, वस्तीसमोर, बारा वाजत आले असताना. तिला ते पुन्हा पुन्हा आठवावंसं वाटत होतं, आणि आठवलं की त्यांच्यासाठी भीती वाटत होती. पुण्याच्या विहारात वृद्ध भंत्यांनी तिला विचारलं होतं, स्वखुशीनं? तेव्हा तिला वाटलं होतं, एकदा दिलं की झालं.

कामावर जायच्या आधी ती शकुकडं गेली. शकु मुलाच्या अंगड्याला बटण लावत होती.

"शकु, उद्यापासून भोजनदान तू दे."

"मी?" शकुनं सुई थांबवली. "आणि तुम्ही?"

"मला पहिली पाळी लागतेय."

"अहो, मागून घेतली होती ना दुसरी?"

"बदलून घेते."

शकुनं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "कालपर्यंत तर जीव टाकत होता त्या पातेल्यावर. कुणी बोललं का काही?"

"नाही गं. रोज एकाच घरचं बरं नाही. दान सगळ्यांचं असावं. एक दिवस तू दे, एक दिवस तुझ्या शेजारची रत्नप्रभा देईल, ज्याची पाळी त्यानं द्यावं. फक्त पुऱ्या तळू नका. मी करते तसं करा. रॉकेल लागत नाही, वेळ लागत नाही, तुम्हाला कामावर जायला मोकळं."

"लोक नावं ठेवतील."

"म्हणावं, भंत्यांचं पोट नाजूक आहे. पुऱ्यांनी आग पडते त्यांच्या पोटात."

"तुम्हाला काय ठाऊक हो?"

सुंदरा उंबऱ्यावर उभी होती. तिनं दाराच्या चौकटीवर हात टेकला.

"औषधांच्या कारखान्यात आहे ना मी," ती म्हणाली.

शकुला ते पटलं. पण तरी ती घाबरली होती. मोड आणायला जमतं एखाद्या वेळी. ते लाह्यांचं काही आपल्याला येणार नाही, आणि बिघडलं तर भंते उपाशी राहतील, ते पाप कुणी घ्यायचं?

"मी येते सकाळी," सुंदरा म्हणाली. "कामावर जायच्या आधी. तुझ्या हातानं करून घेते, मग जाते. रत्नप्रभालाही बोलावून ठेव."

"नक्की याल ना? मला एकटीला नाही जमायचं."

"येते म्हटलं ना."

सुपरवायझरनं कपाळाला हात लावला, पण पाळी बदलून दिली. पहिल्या पाळीला माणसं नेहमीच जास्त असत, एक बाई वाढली तर कुणाची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सुंदरा उठली. अंघोळ केली, दिव्यापुढं बसून त्रिसरण पंचशील म्हटलं. आज पातेलं भरायचं नव्हतं, म्हणून हातांना काही उद्योग नव्हता. ती थोडा वेळ तशीच बसली. मग रंगीत लुगडं नेसली, कामावरचं. डब्यात स्वतःचे मूग आणि एक केळं टाकलं. दाराला कडी घातली.

गल्लीच्या तोंडाशी दोन वाटा फुटत. खालची विहाराकडं जाई. विहाराच्या खिडकीत उजेड होता, भंते उठले होते, सकाळची वंदना चालली होती. शब्द इथवर स्पष्ट येत नव्हते, फक्त सूर यायचा. सुंदरा उभी राहिली. सूर एकदाही अडला नाही. तो संथ, सरळ चालला होता.

तिनं पदर डोक्यावरून घेतला, डबा दुसऱ्या हातात घेतला आणि वरची वाट धरली. शकुचं घर चढणीच्या टोकाला होतं, आणि नळाला पाणी यायच्या आत तिथं पोचायचं होतं.